धायरीची मेस आणि परत करायचा डबा

दिवाळी संपता संपता धायरीच्या मेसवाल्या काकूंचा फोन आला. "पोळ्यांचं मशीन घेतलंय. बघून जा, इंजिनिअर ना तू?" त्याच संध्याकाळी बंगळुरूहून पुण्याची बस पकडली. सुटीत जाणार असाल तर तिकीट आधी काढा. मला सगळ्यात मागची, हाडं खिळखिळी करणारी जागा मिळाली.

सकाळी स्वारगेट. धायरीला रिक्षा करू नका, बस भरपूर आहेत आणि खिडकीतून जुने दिवस फुकट दिसतात. पहिल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत मी इथे राहायचो, तेव्हा धायरीत शेतं होती आणि शेतांपलीकडे काकूंची मेस. आतल्या पत्र्याच्या खोलीत विदर्भातून आलेल्या सहा बायका घडीच्या पोळ्या लाटायच्या. पोळ्या कशा, पदर सुटलेल्या, तेल लावलेल्या. आठवलं तरी भूक लागते. पगार मात्र तुटपुंजा, सुटी नाही. त्यामुळे दिवाळीला गावी गेलेल्या बायका परतायच्याच नाहीत. वर्ध्याच्या कुसुमताईंनी मला तापातून उठल्यावर डबाभर जवसाची चटणी दिली होती. डबा परत द्यायला गेलो, तर त्या गावी गेल्या त्या गेल्याच. फार चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. त्या डब्यात मी आजही साखर ठेवतो.

काकू मेसच्या दारातच उभ्या होत्या, नजर रस्त्यावर.

"ये. मशीन आहे, चालवणाऱ्या नाहीत."

गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांच्या जागी काकूंनी नव्या बायका घेतल्याच नाहीत. मशीन आणलं, आणि उरलेल्या दोघींना, वंदनाताई आणि त्यांच्या जावेला, पगार वाढवून दिला. आठवड्याची सुटी, दिवाळीची भरपगारी रजा. दोघी कालच यायच्या होत्या.

"नाही आल्या तर?" मी विचारलं.

"तर मशीनवर पापड वाळवीन."

चहा दोनदा झाला. मग कोपऱ्यावर पिशव्या घेतलेल्या दोघी दिसल्या.

"आलात? मला वाटलं यवतमाळहून चालत निघालात," काकू म्हणाल्या.

"बस बिघडली जी रस्त्यात," वंदनाताई हसल्या. काकू आत गेल्या आणि डोळ्यांना पदर लावून बाहेर आल्या.

दुपारी ताटात मशीनचे फुलके पडले. गोल, एकसारखे. मी हळूच म्हटलं, "ताई, एक घडीची लाटाल?"

वंदनाताईंनी हात पुढे केला. "मनगट पाहा दादा, थंडीत अजून सुजते. मले मशीनच बरं. आठवण तुमची, मनगट माह्यं."

मी आणखी एक फुलका वाढून घेतला. खरं सांगतो, ती चव नव्हती. तरी धायरीला गेलात तर जेवा तिथे. आमटी अजून तीच आहे.

निघताना वंदनाताईंनी बांधलेले फुलके दिले आणि गावाहून आणलेली जवसाची चटणी, स्टीलच्या डब्यात. "डबा आणून द्या बरं."

फुलके साताऱ्याच्या आतच संपले. चटणी घरी आठवडाभर पुरवली. आता तो डबा घासून साखरेच्या डब्याशेजारी ठेवलाय. पुढच्या दिवाळीनंतर नेऊन द्यायचाय, वंदनाताईंच्याच हातात.