पेवातल्या ज्वारीची भाकर

ज्वारीचे पोते उघडले की मी आधी मूठभर दाणे नाकाशी नेतो. घरचे हसतात. ही सवय मला पोलीस खात्यातल्या एका प्रकरणाने लावली आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही.

महायुद्धाचा काळ होता. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. शहरांत धान्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. सरकारने योजना आखली ती अशी : शेतकऱ्याने खाण्यापुरती आणि बियाण्यापुरती ज्वारी ठेवावी, उरलेली ठरलेल्या भावाने सरकारला द्यावी. याला लेव्ही म्हणत. परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेर धान्य नेणे हा गुन्हा ठरला. मी वाशीम भागात ठाणेदार होतो; वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख लागे आणि तिकडे ज्वारीला कितीतरी चढा भाव मिळे. उन्हाळ्यात नदीच्या उतारावर, म्हणजे गाड्या पार होतात त्या जागी, बैलांचे गुडघेही पुरते भिजत नसत. योजना आखणाऱ्यांनी तो उतार पाहिला नव्हता.

लेव्हीचा पहिला घाव पेवांवर पडला. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, आतून कडबा लावलेले आणि तोंड मातीने लिंपलेले कोठार. वऱ्हाडात अडीअडचणीच्या वर्षासाठी ज्वारी त्यात साठवीत. हुकूम निघाला की भागातले प्रत्येक पेव पाटील आणि पोलीस शिपाई यांच्यासमोर उघडावे आणि जुनी ज्वारी सरकारी गोदामात जमा करावी. लोकांनी नव्या पिकावर भागवावे. हुकमाची अंमलबजावणी चोख झाली. गोदाम सांभाळायला बाजारगावातला एक अडत्या नेमला होता.

हाच अडत्या एके दिवशी ठाण्यात आला. त्याची खबर अशी : किन्हीराजाकडच्या एका गावात एक विधवा बाई स्वतः शेती पाहते. तिने लेव्ही चुकवून ज्वारी दडवली आहे आणि ती नदीपार पाठवते.

"बाई लय तेज हाय, ठाणेदार साहेब," तो म्हणाला. "शिपायाले दारात उभं नाही करत."

खबर देणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हे आधी पाहायचे असते. अडत्या सरकारनेच नेमलेला होता, म्हणून तेवढा विचार केला गेला नाही. दुसऱ्या दिवशी जमादार आणि दोन शिपाई घेऊन आम्ही त्या गावी गेलो.

बाई पन्नाशीची असावी. गाव तिला मोठी माय म्हणे. तिने आम्हाला ओसरीवर बसवले नाही.

"पाहा," ती म्हणाली. "कणगी पाहा, माळा पाहा. चुलीत बी हात घाला, इस्तो हाय पण."

चुलीत विस्तव होताच; एक शिपाई हसला. जमादाराने त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

झडतीत नव्या ज्वारीच्या दोन कणग्या निघाल्या. घरची माणसे आणि वर्षाची मजुरी धान्यात घेणारे सालदार मिळून ती ज्वारी जेमतेम पुरली असती. अंगणातले पेव रिकामे होते आणि त्याचे तोंड उघडेच होते. जमादाराने हिशेब मांडला की सालदार घरची माणसे नव्हेत, म्हणून त्यांच्या वाट्याची ज्वारी जादा ठरते. नियमाने त्याचे म्हणणे बरोबर होते.

"सालदार काय हवा खाऊन नांगर धरतीन?" बाईने विचारले. "पेव उघडा म्हटलं, उघडलं. तुमचाच शिपाई होता उभा. आता हे नाही देत. न्याची असंन तर मले बी घेऊन चाला."

तोवर गाव जमले होते. कोणी ओरडले नाही, कोणी दगड उचलला नाही. बाया कणग्यांना पाठ लावून बसल्या आणि उठल्या नाहीत. पंचनामा करून आम्ही परतलो.

ही बातमी आमच्या आधी वर पोहोचली. वरिष्ठांचा निरोप आला : बाईला भारत संरक्षण नियमांखाली अटक करा, ज्वारी जप्त करा, इतर गावांना जरब बसू द्या. मी चौकशी पूर्ण होईपर्यंत मुदत मागितली. ती नाराजीने मिळाली.

त्याच आठवड्यात नदीच्या उतारावर नाकाबंदी लावली. पहाटे तीन गाड्या सापडल्या. दोन गाडीवान गाड्या सोडून पळाले, तिसरा हाती लागला. तो अडत्याकडे कामाला होता. विचारण्याआधीच त्याने जबानी दिली. गाड्या अडत्याच्या नव्हेत, मोठ्या मायच्या. ज्वारी यंदाची, तिच्या खळ्यावरून भरलेली. आपण फक्त भाड्याने हाकत होतो. जबानी सलग होती, एकाही शब्दाला न अडखळता दिलेली. पाठ केलेली जबानी अशीच असते. पण ती खोटी पाडायला हाती काही नव्हते आणि बाईच्या अटकेला तेवढी पुरेशी होती.

दुपारी जबानीची बातमी ऐकून बाई आपणहून ठाण्यात आली. सोबत गावचे दोन म्हातारे होते.

"माह्या खळ्यावरची हाय म्हणते काय तो? दाखवा."

मुद्देमाल व्हरांड्यात रचला होता. पंचांसमोर तिला एक पोते उघडून दाखवले. तिने कोपरापर्यंत हात घातला, तळाची मूठ काढून हुंगली आणि माझ्याकडे पाहिले. मी मूळचा कोकणातला. ज्वारी ही ज्वारी, इतकेच मला कळत होते.

"काय झाले?" मी विचारले.

"मी नाही सांगत. मी सांगीन तर तुमी म्हणसान, बाई आपल्याच अंगानं बोलते. त्यालेच सांगू द्या."

"तो कशाला सांगेल?"

"सकाळपासून जेवला काय तो?"

गाडीवान जेवला नव्हता. पंचांच्या सह्या घेऊन त्या पोत्यातली पायलीभर ज्वारी नमुना म्हणून काढली. ठाण्यामागे जमादाराचे घर होते. त्याच्या जात्यावर बाईने ती दळली आणि तिथेच चुलीवर भाकरी थापल्या. चौकशीच्या नियमांत हे कुठे बसते, ते मी शोधले नाही. पंचांना कोठडीसमोर बाकावर बसवले. बाई दाराआड उभी राहिली. जमादाराने भाकर आणि ठेचा गाडीवानापुढे ठेवला.

त्याने मोठा घास तोडला, दोनदा चावला आणि थांबला.

"जमादार," तो रागाने म्हणाला, "हे काहून पेवातल्या ज्वारीची भाकर देऊन राह्यले मले? चोर असलो तरी माणूस हावो ना मी. वास मारते हे!"

"नवीच ज्वारी हाय, बाप्पा," जमादार शांतपणे म्हणाला.

"मले शिकोता काय? लहानपणापासून खाल्ली. हे नवी असंन तर मी गधा हाय!"

"तुह्याच गाडीतली हाय."

गाडीवानाचा हात ताटातच राहिला. एका पंचाने तोंडाला उपरणे लावले. दाराआडून बाई पुढे आली. तिच्या हाताला अजून पीठ होते.

"खा ना, भाऊ," ती म्हणाली. "माह्या खळ्यावरची हाय."

पेवात ज्वारी मुरते, पिवळी पडते, तिला आंबूस उग्र वास येतो. भाकर भाजली की तो वास जास्तच जाणवतो. नव्या ज्वारीला तो कधीच येत नाही. वऱ्हाडातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही, आणि पेवातली भाकर कोणी न सांगता पुढे ठेवली तर तो तक्रार केल्याशिवाय राहत नाही. गाडीवानाला जबानी पाठ करून दिली होती. त्याच्या जिभेचा विचार कोणी केला नव्हता.

म्हणजे ज्वारी खळ्यावरची नव्हती. आमच्या भागातली सगळी पेवे तर सरकारी हुकमाने रिकामी झाली होती. पेवातली ज्वारी आता एकाच ठिकाणी असू शकत होती. हे गाडीवानाला समजावून सांगावे लागले नाही. संध्याकाळच्या आत त्याने नवी जबानी दिली आणि ती देताना तो जागोजागी अडखळला. गाड्या सरकारी गोदामाच्या मागच्या दाराने भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गोदाम उघडले. दर्शनी थप्पीत ज्वारी होती, मागच्या पोत्यांत भुसा. अडत्याला तिथेच अटक केली. त्याची खबर कशासाठी होती, हे आता उघड होते. गाड्या कधी सापडल्याच तर बोट दाखवायला त्याला एक बाई हवी होती.

वरिष्ठांचा पुढचा निरोप अपेक्षित होता. अडत्याचे प्रकरण चालू द्या, पण कणग्या अडवल्याबद्दल बाईवरही खटला भरा, सरकारी हुकूम शेवटी हुकूम आहे. मी अहवालात लिहिले की जादा ज्वारी मिळाली नाही आणि गुन्हा घडलेला नाही. सालदारांना मी घरची माणसे धरले. त्याचा खुलासा मागवला गेला. मी तोच मजकूर पुन्हा पाठवला.

गोदाम नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचे होते, त्या दिवशी मोठी माय गावासह हजर झाली. तिच्या हातात एक जाडजूड लोखंडी कुलूप होते. सरकारी कुलपाखाली तिने ते स्वतः लावले.

"वरचं सरकारचं, खालचं आमचं," ती म्हणाली. "दोनी उघडतीन तवाच दार उघडंन. लेव्ही देतो आमी. भुसा नाही देत."

"हे तुम्हाला लावता येणार नाही, मोठी माय," मी म्हणालो. तसे म्हणणे माझे काम होते.

"मंग तोडा."

शिपायांनी माझ्याकडे पाहिले. मी सरकारी कुलपाची किल्ली नव्या माणसाच्या हातावर ठेवली. ते जागचे हलले नाहीत.

कुलूप काढण्याचा हुकूम वरून आला, तोंडी. कोणत्या कलमाखाली काढावे ते लेखी कळवावे, असे मी उत्तर दिले. लेखी हुकूम कधीच आला नाही. माझी बदली मात्र आली.

धान्याची योजना कितीही विचारपूर्वक आखली तरी ती शेवटी एका गोदामाच्या दारापाशी येऊन थांबते. त्या दाराशी जो प्रश्न विचारतो, त्याला आम्ही योजनेचा शत्रू समजत होतो. ती ज्वारी जिच्यामुळे शाबूत राहिली, तिलाच अटक करण्याचा हुकूम माझ्या टेबलावर होता. त्यानंतर खात्यात असेपर्यंत, "जरब बसवा" असे शब्द असलेला प्रत्येक निरोप मी दोनदा वाचला.

बदलीच्या दिवशी टांगा गोदामावरून गेला. दारावर दोन कुलपे होती. वरच्याला गंज चढू लागला होता. खालच्याला कोणीतरी नुकतेच तेल दिले होते.