चौथी चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण तिलाही मी कधी तोंडानं सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. थोडं आडवळणानं येईन. सरळ यायची हिंमत असती, तर सांगायला काही उरलंच नसतं.

माझ्याकडे एका निवृत्त राजदूतांची आठ पुस्तकं आहेत. जगभर वाटाघाटी करून आलेले मोठे मुत्सद्दी, पण लिहितात मराठीत. आठही पहिल्या आवृत्त्या, आठांवर त्यांची सही. असा पूर्ण संच छत्रपती संभाजीनगरात दुसऱ्या कुणाकडे असल्याचं मला तरी माहीत नाही, आणि हे सांगताना अजूनही गुदगुल्या होतात — काय करू? आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पदवीच्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्यांचं पहिलं पुस्तक मिळालं, आत निळ्या शाईची सही. देशोदेशीच्या पंतप्रधानांशी मिळवलेला हात या कागदावरून फिरलाय, या विचारानं ते छातीशी धरून मी खोलीपर्यंत चालत आलो. तेव्हापासून छंदच लागला. नवं पुस्तक आणायचं, आवृत्तीचं पान तपासायचं, प्लास्टिकचं कव्हर घालायचं, कपाटात ठेवायचं.

आणि वाचायचं? — तिथंच तर सगळं आहे.

वाचायची मंगल. ती देवगाव रंगारीची, दहावीपर्यंत शिकलेली. पहाटे नळाला पाणी यायची वाट बघत पायरीवर बसायची आणि कपाटातलं पुस्तक वाचायची. हात धुऊन, पुसून — हे मान्य करतो. एके सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "अहो, तुमच्या साहेबांनी भांडणारी दोन्ही माणसं एका टेबलाला बसवली म्हणून लिहिलंय. पण दाराजवळ कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, त्यानं काय फरक पडतो?

"लई पडतो. आमचे आजोबा बांधाची भांडणं मिटवायचे. जो जास्त तापलेला, त्याला दारापासून लांब, पार भिंतीला बसवायचे. उठून जायचं तर समद्यांचे पाय ओलांडावे लागतात. तोवर चहा येतो."

मी इतका हसलो की हातातला चहा सांडला. आणि त्याच दुपारी, चिकलठाण्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, तो प्रश्न पत्रात उतरवून साहेबांना पाठवला. खाली सही केली, अंकुश. तिचं नाव घालायचं सुचलंच नाही. नाही — हे खोटं आहे. सुचलं होतं.

महिन्याभरात पार्सल आलं. त्यांचं नवं पुस्तक, पहिली आवृत्ती, आणि आत त्यांच्या अक्षरात: 'अंकुशरावांस — तापट गृहस्थ दाराजवळच बसले होते. तुम्ही आधी भेटायला हवं होतं.' त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत काय आनंद होता म्हणून सांगू! मंगलनं शिरा केला. मग रीतच पडली. ती विचारायची, मी लिहायचो, आणि साहेबांचं नवं पुस्तक निघालं की पहिली प्रत आमच्या दारात यायची. ते दिवस फार सुखाचे होते, अजूनही आहेत. पण सुखाचे होते म्हणून मी खरा होतो का?

एकदा साहेब व्याख्यानासाठी इथं आले. मी पिशवीत सगळी पुस्तकं घेतली, मंगल नवी साडी नेसून आली. नाव सांगताच त्यांनी मला शेजारी बसवलं. विचारलं, दाराचा तो प्रश्न तुम्हाला सुचला कसा?

मंगल हाताच्या अंतरावर उभी होती. एक बोट तिच्याकडे करायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "लहानपणी गावात बांधाची भांडणं बघितलीत, साहेब."

ते खूश झाले. तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि ताई, तुम्हीही वाचता का?"

"वाचते की," मंगल म्हणाली, "ह्यांनी कपाटाची किल्ली दिली तर."

सगळे हसले. परतताना रिक्षात मी जीव मुठीत धरून बसलो होतो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "काय हो, तुमच्या घरी तर कुंडीएवढी जमीन नव्हती. बांध कुठला आणला?" आणि असं हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मीही हसलो. त्या हसण्यात ते वाहून गेलं — आणि मी जाऊ दिलं.

मग आठवं पुस्तक आलं. प्रस्तावनेच्या शेवटी छापलं होतं की, अंकुशरावांनी विचारलेल्या प्रश्नांमधून हे पुस्तक घडलं. कंपनीत मी पेढे वाटले. मंगलनं ते पान उभ्यानंच वाचलं, मग पान उलटून पहिलं प्रकरण सुरू केलं.

वर्षभरानं साहेबांचं पत्र आलं: दुसरी आवृत्ती निघते आहे, काही चुका आढळल्या का? मी तीन छापील चुका कळवल्या. त्याही मंगलनंच शोधलेल्या. चौथी तिनं दाखवली नाही, पण मला दिसत होती. पहिल्या आवृत्तीतली चूक पुढं दुरुस्त झाली, की संग्राहकाला ती प्रत जास्तच मोलाची वाटते. म्हणजे ती कळवली असती, तर माझ्या कपाटाचाही फायदाच होता. तरी कळवली नाही. नाव माझं होतं ना.

याला सहा वर्षं झाली. आता तिसरी आवृत्ती छपाईला जाते आहे. काल मी साहेबांना एक कार्ड टाकलं. मायना आणि सही सोडली, तर त्यावर एवढंच आहे:

प्रस्तावना, शेवटचा परिच्छेद. 'अंकुशराव'च्या जागी 'मंगल' असे वाचावे.