थोडीशी कसर

दहावीत असताना माझं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं होतं आणि मला त्याचा नको इतका तोरा होता. त्या अक्षरापायीच गुरुजींनी आरोग्याचा तक्ता भरायचं काम माझ्याकडे दिलं. ते काम मी एकही खाडाखोड न करता साफ चुकवलं.

तक्ता पंचायत समितीकडून छापून आला होता. नव्या अंदाजपत्रकात आरोग्यासाठी जे पैसे होते, त्यांतून शिरपूरकडच्या दोन गावांपैकी एकाच गावाला नर्सबाई मिळणार होती. लगेच दर मंगळवारी, आणि पुढे खोली बांधली की कायमची. ज्या गावात आजारी जास्त, त्या गावाला बाई. शाळेतल्या मुलांनी घरोघर विचारून तक्ता भरायचा आणि गावसभेनं तो ऐकून ठराव करायचा, असं ठरलं होतं. अंदाजपत्रक हा शब्द ऐकून आमच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "अंदाजच करून राह्यले तं मंग पुसता कायले? बसल्या जागी लिवून टाका ना."

मला मात्र विचारायची घाई होती. माझी मोठी बहीण बाळंतपणाला घरी आली होती. मागच्या खेपेला वाशीमला नेता नेता बैलगाडीतच तिचं मूल गेलं होतं. आता आठवा महिना होता, पाय सुजले होते, आणि ती दिवसातून दोनदा मला विचारायची, "नर्सबाई केव्हा येते व?" जणू बाईंची बदली माझ्याच हातात होती.

गुरुजी पुण्याकडचे. वर्गात कोणी 'मले-तुले' म्हटलं की हातावर पट्टी बसायची. पट्टी खाऊन खाऊन माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी बसली होती आणि जीभ शुद्ध झाली होती, म्हणून प्रत्येक दारात उभी राहून शुद्ध मराठीत विचारायची, "आपल्या घरी कोणी आजारी आहे का?" ते 'आपल्या' ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हणायच्या, "नाई व माय, आजारी कोनी नाई." मग मी शून्य मांडायची. सुरेख, गोल शून्य.

आमच्या घरीही विचारलं, कारण नियम म्हणजे नियम. माय भाकरी थापत होती. बहीण भिंतीला टेकून, सुजलेले पाय लांब करून ज्वारी निवडत होती. "आजारी कायले अशीन आपल्या घरी कोनी?" माय म्हणाली. "लिव नाई म्हून." मी बहिणीकडे पाहिलंसुद्धा. बाळंतपण म्हणजे काही आजार नव्हे, असं मलाही वाटत होतं. शून्य.

साऱ्या गावात मिळून चार आजारी निघाले, चौघेही खाटेला खिळलेले म्हातारे. शेजारच्या गावात सात निघाले होते. "आपलं गाव निरोगी आहे," गुरुजी कौतुकानं म्हणाले. मी घरी येऊन तेच मोठ्या दिमाखात सांगितलं. बहिणीचा हात सुपात थांबला.

"म्हंजे नर्सबाई त्या गावाले जाईन?" तिनं विचारलं. ती भिंत धरून उठली आणि तशीच डोळे मिटून उभी राहिली. काय झालं म्हणून मायनं विचारलं, तर म्हणाली, "काई नाई. जराशी कसर हाय."

कसर. आमच्याकडे हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. अंग मोडून आलं, कसर. रोज संध्याकाळी ताप चढतो, तरी कसरच. माणूस चालतंय-फिरतंय, भाकर खातंय, तोवर त्याला फार तर कसर असते. आजारी म्हणजे जो खाटेवर पडला आणि ज्याच्या लेकींना निरोप गेले, तो. थोडक्यात, मी गावभर फिरून कोणी मरायला टेकलंय का असं विचारत होते, आणि बायका बिचाऱ्या खरं तेच सांगत होत्या. मला स्वतःचा इतका संताप आला की तक्ता चुलीत घालावासा वाटला. शाळेतली भाषा मला येत होती आणि घरातलीही, आणि दोन्ही येऊन मी मूर्ख ठरले होते.

सभा दोन दिवसांवर होती. मी वही घेतली आणि पुन्हा पहिल्या घरापासून निघाले. "मावशे, कसर हाय काय कोनाले?" एवढं म्हणायचा अवकाश, बायका हात धरून आत बसवायला लागल्या. पाटलीणबाई आम्हा बौद्धपुऱ्यातल्या पोरींशी ओसरीवरूनच बोलायच्या. त्या दिवशी पायऱ्या उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तीन वर्सं झाले, अंगावरून जाऊन राह्यलं. कोनाले सांगू नोको. पन लिव." सगळ्यांचंच असं होतं. तक्त्यात त्याला जागा नव्हती, म्हणून वहीत मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं, नावं वगळून.

सभा शाळेच्या पडवीत भरली. पुरुष आत बसले, बायका भिंतीआड उभ्या राहिल्या, त्यांत मायही. पंचायत समितीचे साहेब खुर्चीवर होते. मी उभी राहून म्हणाले, तक्ता चुकलाय, आणि वही वाचायला लागले. "सांजच्याले कसर येते. मले चुलीपाशी चक्कर येते. पाय सुजून राह्यले." मागून कोणीतरी म्हणालं, "हे काय पोट्टीनं वाचाचं हाय काय?" साहेबांनी विचारलं, "कसर म्हणजे नेमका कोणता रोग? हे रकान्यात कुठं बसवायचं?" मी ओळीवर बोट ठेवून थांबले.

गुरुजी उठले. सवयीनं पट्टी त्यांच्या हातात होती आणि सवयीनं मी हात पुढे केला. त्यांनी पट्टी खाली ठेवली, माझ्या हातातली वही घेतली आणि मी थांबले होते तिथून पुढे वाचायला लागले. प्रत्येक 'मले', प्रत्येक 'राह्यलं', त्यांच्या पुणेरी जिभेवर वेडंवाकडं होऊन येत होतं, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. भिंतीआड बायका आधी हसल्या, मग एकेक करून भिंतीच्या कडेनं पुढे सरकल्या. वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "चूक मुलीची नाही. प्रश्न मी शिकवलेल्या भाषेत विचारला गेला." माझ्या मनातली त्यांच्याबद्दलची सगळी अढी त्या क्षणी गेली.

ठराव झाला. वही त्याला जोडली गेली आणि नर्सबाई आम्हाला मिळाली. शेजारच्या गावातल्या मुलांनीही 'आजारी' असंच विचारलं असेल का, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आता येतं, आणि बरं वाटत नाही.

पहिल्या मंगळवारी बाई शिरपूरच्या बसनं आल्या आणि रजिस्टर उघडून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "घरात कोणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं. मी चूक सुधारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पिठाचे हात तसेच घेऊन माय पुढे झाली.

"हाय जी. थे पाहा, निवडून राह्यली ना, थे माही लेक. आजारी हाय."

बहीण दचकली. "मी कायची आजारी? जराशी कसर हाय."

"चूप बस," माय ओरडली. "आजारी हाय म्हनलं ना!"

बाईंनी बहिणीच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. दुपारच्याच बसनं तिला वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. माझा भाचा पुढे तिथंच जन्मला, चांगला रडत जन्मला. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माय बोचकं घेऊन आधी बसमध्ये चढली. बहिणीनं पायरीवर पाय ठेवला, माझा हात घट्ट धरला आणि डोळे पुसता पुसता हसत माझ्या कानाशी म्हणाली, "मायनं मले आजारी म्हनलं व."