हिरव्या रेघांचं आयवार

शरद लागला की आमच्या लेस्कोवात्सकडे अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजतात आणि त्यांचं आयवार घोटतात. पण स्तामेंका मावशीचं आयवार पावावर पडलं की आमच्या घरातली भांडणंसुद्धा थांबतात. यंदा गावातल्या मोठ्या दुकानानं तिला बरण्या मांडायला एक फळी दिली होती. अट एकच: बरणीवर बारकोड हवा आणि तो यंत्रावर वाजायला हवा. नाहीतर फळी दुसऱ्याला.

माझ्या छापखान्यात लेबलं कमी, मयताच्या पत्रिका जास्त. काळ्या चौकटीच्या त्या पत्रिका आम्ही दारांवर आणि विजेच्या खांबांवर चिकटवतो. त्यामुळे मी बारकोडचा काळ्या रेघांचा नमुना दाखवताच मावशी उसळली.

"मेल्या मिलोये! माझा नवरा चेदोमिर गेला तेव्हा असलंच काळं माझ्या दारावर डकवलंस. आता बरणीवर डकवतोस? कोण खाईल ते?"

"मावशी, सगळ्या मालावर काळ्याच रेघा असतात."

"असतील. माझ्या लाल छाप, मिरचीसारख्या."

तिच्यापुढे बोलायची माझी काय बिशाद! छापल्या लाल. दिसल्याही झकास.

दुकानात गल्ल्यावरच्या तियानानं बरणी यंत्रापुढे धरली. आवाज नाही. पुसून धरली, फिरवून धरली, तरी नाही. मावशीचा चेहरा पडला. सगळ्या हंगामाची मेहनत त्या खोक्यांत होती. मला फार वाईट वाटलं.

"यंत्राचा उजेड लाल आहे हो," तियाना म्हणाली. "त्यात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच दिसतात. मालक दुपारी येतील, तोवर काहीतरी करा."

"काळा नाही म्हणजे नाही!" मावशी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात लेबलावरच्या मिरचीच्या चित्राकडे लक्ष गेलं.

"मावशी, देठाचा रंग चालेल?"

तिनं लेबल डोळ्यांपाशी नेलं. "चालेल की. देठ काय मेलेला असतो?"

लाल उजेडात हिरवं काळंच दिसतं, म्हणून मी धावत जाऊन गडद हिरव्या रेघा छापून आणल्या. तिघांनी मिळून लेबलं चिकटवली आणि बरण्या फळीवर मांडल्या. तियानानं बरणी धरली. टिंग!

मावशीनं छातीवर क्रॉसची खूण केली. "पुन्हा वाजव गं!" टिंग! रांगेतली माणसं हसायला लागली.

"ही बरणी मीच घेते," मावशी म्हणाली.

"अहो, तुमचीच तर आहे!" तियाना म्हणाली.

"म्हणून तर. दरवर्षीची पहिली बरणी चेदोमिर उघडायचा."

तिनं पैसे दिले, झाकण उघडलं आणि पाव मागवून अख्ख्या रांगेला खायला घातलं. मालक आले तेव्हा यंत्र सारखं वाजत होतं आणि मावशीची फळी अर्धी रिकामी झाली होती.