राधाबाईंचं नाक

डॉक्टर अवधूत दिघे आणि राधाबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा माहीमच्या मासळीबाजारातला व्यवहार काही काळ ठप्प झाला होता. कावळ्यांनी कोलंबीवरची नजर काढून अवधूतवर लावली होती आणि एका मांजरीने तर लाजून तोंड फिरवलं होतं. अपराध एवढाच, की एम.डी.चा निकाल लागल्याच्या आनंदात आईने पापलेट आणायला धाडलेल्या या दादरच्या मुलाने राधाबाईंच्या पाटीतला मासा उचलून नाकाशी नेला. राधाबाई उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की शेजारच्या तीन पाट्यांवर सावली पडत असे.

"माझ्या माशाचा वास मी घेतलाय," त्या म्हणाल्या. "तू कोण घेणारा?"

अवधूतने चाचरत आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं. कसला, असं विचारल्यावर रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग ओळखणारा, असंही सांगितलं. म्हणजे हा अख्खा माणूस कधी बघतच नाही, फक्त तुकडी बघतो, हे कळल्यावर राधाबाईंना त्याची दया आली. त्यांनी स्वतः निवडून दोन पापलेटं दिली आणि त्या दिवसापासून त्याला आपल्याच धंद्यातला एक कनिष्ठ माणूस म्हणून वागवायला सुरुवात केली.

आपण कनिष्ठ आहोत हे अवधूतला पुढच्या बारा वर्षांत मनापासून पटलं. राधाबाई माशाचा कल्ला बोटाने उचलायच्या, नाक एकदा खाली न्यायच्या, आणि मासा कोणत्या दिवशी लागला, बर्फात किती वेळ होता, बर्फ मध्ये वितळून पुन्हा घातला का, हे सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. परळच्या इस्पितळात अवधूतच्या विभागात परदेशी यंत्रं होती. ती दोन-दोन दिवस घरघरायची आणि शेवटी 'निश्चित सांगता येत नाही' असं छापून द्यायची. घरी आनंदीबाई, म्हणजे त्याची आई, मुलाच्या रिपोर्टपेक्षा राधाबाईंच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवत.

मग एका जूनमध्ये राधाबाईंना वास येईनासा झाला.

दुसऱ्या कुणी लगेच डॉक्टरला नाक दाखवलं असतं. राधाबाईंनी बर्फवाल्याकडे बोट दाखवलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात सगळा बर्फातला माल, आणि बर्फातल्या माशाला दर्याचा वास राहतोच कुठे, असा त्यांचा सिद्धांत होता. सिद्धांत इतका चोख होता की सगळ्या कोळीवाड्याला पटला. नाक चोंदलं, गाल सुजला, तरी त्या दोन महिने बर्फवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिल्या. तो बिचारा बर्फ बदलून बदलून थकला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, पहिली ताजी पापलेटं पाटीत आली. राधाबाईंनी कल्ला उचलला आणि नाक खाली नेलं. काही नाही. त्यांनी मासा खाली ठेवला, हात धुतले आणि मुलाला, कल्पेशला, डॉक्टरकडे घेऊन जायला सांगितलं.

जवळच्या दवाखान्यात सायनस ठरला. थेंब झाले, वाफ झाली. मग एका ठिकाणी नाकातला तुकडा काढून तपासला, त्यात नुसत्या मेलेल्या पेशी आणि सूज निघाली. कॅन्सर नाही म्हणून कल्पेशने पेढे वाटले. पेढे द्यायला आलेल्या राधाबाईंचा चेहरा बघून अवधूतने पेढा तसाच बाजूला ठेवला. त्याने त्यांना दुसऱ्याच दिवशी परळला आणलं. नाकाच्या डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढला. अवधूतने तो काचेखाली घेतला, तर पुन्हा सगळं मेलेलं. स्मशानात उभं राहून कोण कशाने गेलं हे विचारण्यासारखं ते होतं.

हे सांगायला तो गेला तेव्हा राधाबाई बाकावर बसल्या होत्या. नाक, गाल आणि आता तोंडातली टाळूही काळी पडायला लागली होती.

"तुकडा कुठून काढला?" त्यांनी विचारलं.

पुढची काळी खपली हाताला लागत होती, तिथून, असं अवधूतने कबूल केलं.

"अरे, मासा बघताना वरचं कातडं बघतो का आपण? कल्ला उचलायचा. आत जिथं लाल हाय तिथं बघायचं. एवढं शिकून तू मेल्यातलं मेलेलं बघत बसलास, पोरा."

हे सगळं पुस्तकात होतं. जाडजूड पुस्तकात, बारीक अक्षरांत, अवधूतने ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पण इतक्या थोड्या शब्दांत ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तुकडा खोलवरून, खपली संपून जिवंत लाल मांस सुरू होतं त्या कडेवरून काढला.

आणि या वेळी काचेखाली ते दिसले. वेड्यावाकड्या आकाराच्या, गडद पेशींचे थवे, रक्तवाहिन्यांना वेढा घालून, त्यांच्या भिंती फोडून आत शिरलेले. म्हणूनच पलीकडचं सगळं रक्तावाचून मरत होतं. रंग देऊन केलेल्या चाचण्यांनी नाव पक्कं केलं: एन.के.-टी सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक दुर्मीळ कॅन्सर. अवधूतने आजवर असे सहाच पाहिले होते, आणि त्यातले चार उशिरा.  इतकी बारीक वस्तू राधाबाईंएवढ्या बाईला खाऊन टाकू शकते, याचं त्याला भय वाटलं. ती सापडावी कशी हे त्या बाईनेच सांगावं, याचं त्याहून नवल वाटलं.

उपचार त्याहूनही नवलाचे होते. या पेशींना जगायला लागणारा एक पदार्थ स्वतः बनवता येत नाही, तो रक्तातून घ्यावा लागतो. औषध रक्तातला तो पदार्थच संपवतं आणि त्या उपाशी मरतात. राधाबाईंना हे फार आवडलं. पुरवठा तोडायचा, हे त्यांना कळण्यासारखं होतं. केमोच्या सहा फेऱ्या सांगितल्यावर मात्र त्यांनी भाव केल्यासारखं चार म्हटलं, आणि कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई हसून पाचावर येतात का हे त्या बघत बसल्या. मग रेडिएशन. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून त्या यंत्राखाली अशा निश्चल पडत, की बाजारातल्या कुणाचा विश्वास बसला नसता. केस गेले, तोंड आलं, वजन वीस किलो उतरलं. अवधूत रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचा. अख्खा माणूस बघायची त्याला सवय नव्हती, ती लागली.

सात महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. कल्पेशने या वेळी पेढे वाटायला दोन दिवस घेतले.

याला आता तीन वर्षं झाली. रोग परत आलेला नाही. वासही आला नाही. राधाबाई पुढच्या मोसमात अकरा दिवस पाटीवर बसल्या आणि बाराव्या दिवशी त्यांनी जागा एका भाचीला देऊन टाकली. राधाबाईंचं नाक नसेल तर बाजार कशाला, असं आनंदीबाई म्हणतात, आणि दिघ्यांकडे हल्ली मासे फोनवरून मागवतात.