चौथ्यांदा बोट टेकवल्यावर

सोनमला राग येत नाही, असं ऑफिसात सगळे म्हणत. ती सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. सोलापुरात वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकली आणि भवानी पेठेत, टॉवेलच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत, गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात पोरी तिच्या ‘हाय-न्हाय’ला खिदळल्या होत्या. तेव्हा तिने भांडण काढलं नाही, बोलणंच बदलून टाकलं. त्यानंतर शहरात तिच्या तोंडून एकदाही ‘लई’ निसटला नव्हता.

गावोगाव चोऱ्या शोधत फिरणाऱ्या एका फौजदाराचे तीन सिनेमे भरपूर चालले होते. त्यांच्यावरून पाच भागांचा गेम करायचं काम कंपनीला मिळालं. दर दोन महिन्यांनी एक भाग. पडद्यावर गावाचं चित्र. त्यातल्या विहिरीवर, पारावर, माणसावर बोट टेकवलं की काहीतरी सापडतं किंवा ते माणूस बोलतं, आणि फौजदाराचा तपास पुढे सरकतो. संवाद लिहायचं काम मालकांनी, म्हणजे हृषीकेश सरांनी, सोनमला दिलं. “गावाकडची भाषा तुझ्याइतकी कुणाला येणार?” ते म्हणाले. जी भाषा तिने पेटीत घालून ठेवली होती, तिलाच आता भाव आला होता.

चौथ्या भागात मेंढरं चोरीला जातात. सिनेमांत मेंढपाळ आला की हसण्यापुरताच यायचा. सोनमने ठरवून वेगळी बाई लिहिली. आपली मेंढी नुसत्या ओरडण्यावरून ओळखणारी, फौजदाराला चोराच्या दारापर्यंत नेणारी म्हातारी. सरांना ती फार आवडली. “आवाज खरा पाहिजे हं,” ते म्हणाले. सोनम गावाकडून आईलाच, तानाबाईला, घेऊन आली.

खाली माग बंद असण्याच्या दिवशी तानाबाई माइकपुढे बसली. आवाजाचं काम बघणाऱ्या अवधूतने एकेक वाक्य सांगावं आणि तिने म्हणावं. मधे तिचा घसा कोरडा पडला, सोनमने पाण्याचा तांब्या दिला. तो हातात धरून तानाबाई सहज सांगू लागली. सोनम चार वर्षांची असतानाचा दुष्काळ, पोरीला ताप, टँकरपुढची रेटारेटी, लोकांनी मागे ढकललेली ती स्वतः. “म्या वरडले, घोटभर पाणी द्या की वो, माजं लेकरू चाललंय!” हे सांगताना तिचा आवाज फाटला. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “हं, म्होरलं सांग, बाबा.”

माइक चालूच होता.

चौथा भाग आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनम शेअर रिक्षाने ऑफिसला निघाली होती. शेजारी कॉलेजातल्या दोघी बसल्या होत्या. एकीने फोनवरच्या म्हातारीवर बोट टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ढोलकीची थाप पडली, बकरी बेंबाटली आणि सोनमच्या आईचा फाटलेला आवाज आला, “घोटभर पाणी द्या की वो!” दोघी पोट धरून हसल्या. “परत लाव, परत!”

सोनम मधेच उतरली. बाकीचं अंतर ती चालत गेली नाही, जवळजवळ धावली.

“हे कुणी घातलं?” ती सरांच्या टेबलापुढे उभी राहिली.

“अगं, बस आधी. सिनेमावाल्यांना थोडा विनोद हवा होता. लोक त्या म्हातारीवर सगळ्यात जास्त बोट टेकवतायत. हिट झाली तुझी आई!”

“मी काय मेलेय? मला विचारायचं होतं!”

“आवाज वापरायच्या कागदावर तूच सही केलीस ना? आईंच्या वतीने?”

केली होती, न वाचता. त्या एका वाक्याने तिचा राग दुप्पट झाला, कारण त्यातला अर्धा आता तिच्यावरच उलटला होता. अवधूत मान खाली घालून म्हणाला, “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

“मला? म्या माज्या आयचं रडणं इकीन व्हय?” सोनम ओरडली. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. “तुमास्नी लाज कशी वाटंना! ते रडणं हाय. संवाद न्हाय त्यो!”

आईला कसं सांगायचं हे ठरवत तिने संध्याकाळी फोन लावला, तर गावात किराणा दुकानापाशी कुणीतरी तिला ते आधीच ऐकवलं होतं. तानाबाईने एवढंच विचारलं, “म्या तवा नाटक केलतं का गं?”



दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तानाबाई सोलापुरात उतरली आणि थेट जिना चढून वर आली. सर खुर्चीतून उठून पाया पडायला वाकले.

“पाया पडू नगंस. आदी ते काड.”

“मावशी, सिनेमावाल्यांची परवानगी लागते. आठ दिवस तरी...”

“घालताना माजी घेतलीस?”

सरांनी चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही. टेबलासमोर खुर्ची ओढून ती बसली. दुपारी जेवायला उठली नाही. मधे एकदा सोनम म्हणाली, “आय, चार घास खा.” त्यावर तिने लेकीकडे असं पाहिलं की सोनम निमूट मागे सरली. तो राग आपल्यावरही आहे, हे तिला कळलं आणि तो तिने घेतला. शेवटी पाचच्या सुमाराला सरांनी सिनेमावाल्यांना फोन केला, हळू आवाजात बरंच बोलले, आणि अवधूतने ते वाक्य गेममधून काढलं. तानाबाईने त्याला चार वेळा बोट टेकवायला लावलं. चौथ्यांदा म्हातारी गप्प राहिली, तेव्हाच ती उठली.

सोनमने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. पाचवा भाग तिच्याशिवाय आला. त्यात कुणा शिकलेल्या बाईने नाक ओढून ‘हाय-न्हाय’ केलं आहे.

पण लोकांनी ते वाक्य कापून पसरवलेल्या क्लिपा थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. आता सोनम एका टॉवेल कंपनीत डिझाइनचं काम करते, आणि कुठे ती क्लिप दिसली की खाली लिहिते: हा माझ्या आईचा खरा आवाज आहे, टँकरपुढचा, आणि ते लेकरू मी आहे. काहींनी माफी मागून क्लिप काढली. बरेच हसले. परवा एकाने लिहिलं, “गेमच आहे ताई, एवढं काय त्यात?”

सोनमने त्यालाही उत्तर लिहिलं, लांबलचक, आपल्या गावच्या बोलीत, आणि एक अक्षरही खोडलं नाही.