सांबराचा कॉल

जंगलातलं मला सगळं कळतं, असं मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं. यात खोटं काही नव्हतं. ताडोब्याच्या अकरा सफारी माझ्या नावावर आहेत. आता त्या सगळ्या मी जिप्सीत बसून केल्या, खाली पाय ठेवायची तिथे परवानगीच नसते, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वेरिबीच्या शहरी उपनगरातलं घर विकून आम्ही व्हिक्टोरियातल्या या डोंगरांच्या पायथ्याशी राहायला आलो. माझं काम घरूनच चालतं. लॅपटॉपला वेरिबी काय आणि डोंगर काय. शेजारी हा म्हातारा. रिटायर्ड प्लंबर, सत्तरी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारे. कुंपणावर कोपरं टेकून तो तासन्‌तास सांबरांबद्दल बोलायचा. सांबर म्हणजे आपलंच सांबर. कधीकाळी गोऱ्यांनी बोटीत घालून इथे आणलं, आणि त्याला हवा इतकी मानवली की आता डोंगरभर त्याचंच राज्य. मी म्हणालो, "मेट, ही आमच्याकडचीच मंडळी. आमच्याआधी इथे कायम राहायचं पीआर मिळालं, एवढंच."

म्हातारा खूश झाला. त्याला सोबत्याची गरज होती. मागच्या हिवाळ्यात तो एकटाच वर शिकारीला गेला, घसरला आणि पाय मुरगळून ओढ्याकाठी दुपारभर पडून राहिला. तेव्हापासून म्हातारीचं फर्मान होतं: भरवशाचा माणूस बरोबर असेल तर जा, नाहीतर रायफल विकून टाक. जुना जोडीदार क्वीन्सलंडला मुलीकडे राहायला गेलेला. उरलो मी. शिकारीचं लायसन्सही मी हौसेने काढून ठेवलेलं. म्हातारीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "एकदा घेऊन जा याला. मग बघू."

म्हणजे ती माझी प्रोबेशनची दुपार. मी नापास झालो की म्हाताऱ्याची शिकार कायमची बंद.

शनिवारी जेवून निघालो. बायको दारात उभी. "सांबर आणायला चाललायस ना? मग इडलीचं पीठ भिजवते."

"भिजव," मी म्हणालो. माझा आत्मविश्वास असल्या विनोदांनी हलत नाही.

गाडी फाट्यावर ठेवून आम्ही चढायला लागलो. शंभरेक पावलांवर म्हातारा थांबला आणि नाक वर करून हुंगायला लागला. मला वाटलं, जनावराचा वास आला.

"हे काय लावलंयस?" तो कुजबुजला.

"डिओ."

"लग्नाला निघालायस?"

पुढच्या वळणावर त्याने माझं नवंकोरं जॅकेटही उतरवायला लावलं. हात हलला की ते वेफर्सच्या पुडीसारखं वाजत होतं. ते कमरेला बांधून मी नुसत्या टी-शर्टवर कुडकुडत चढत राहिलो. दोन पावलं टाकायची, थांबायचं, बघायचं, ऐकायचं, मग पुन्हा दोन पावलं, अशी त्याची चाल. या वेगाने आमच्या ऑफिसातली फक्त एक मंजुरीची फाईल चालते.

पण गंमत बघा, सांबर दिसलं ते मलाच. समोरच्या उतारावर, नेच्यांच्या रानात. आधी एक कान हलला, मग शिंगं. मी म्हाताऱ्याला कोपराने ढोसलं. त्याने दुर्बिणीतून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. आहाहा! प्रमोशनचं पत्र मिळालं तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तो आवाज न करता गुडघ्यावर बसला, पडलेल्या ओंडक्यावर रायफल टेकवली. जनावर झाडाआड अर्धं होतं. ते एक पाऊल पुढे येण्याची तो वाट बघत होता. रायफलचा सेफ्टीचा खटकासुद्धा अजून काढला नव्हता.

तेवढ्यात वारा फिरला. सांबराने मान वर केली, सरळ आमच्या दिशेला रोखून पाहिलं, आणि ओरडलं.

"पोंक!"

आता ताडोब्याला गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. सांबराचा कॉल झाला की ड्रायव्हर इंजिन बंद करतो, गाइड बोट ओठांवर ठेवतो, आणि अख्खी जिप्सी सांबराकडे नाही, तर सांबर जिकडे बघतंय तिकडे बघते. कारण तिकडे वाघ असतो. सांबर उगाच ओरडत नाही, हे मला अकरा वेळा शिकवलेलं. हे सांबर आमच्याकडे बघत होतं. म्हणजे वाघ आमच्या मागे!

मी विचार केला नाही. "वाघ!" असं चक्क मराठीत ओरडलो, म्हाताऱ्याची कॉलर पकडली आणि त्याला फरफटत ओंडक्याच्या पलीकडे नेलं. दोघंही चिखलात लोळलो. उतारावर फांद्या कडाकडा मोडल्या आणि सांबर डोंगरापार झालं.

म्हातारा तोंडावरचा चिखल पुसत उठून बसला.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"टायगर."

त्याने निलगिरीच्या झाडांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मेट," तो अगदी हळुवारपणे म्हणाला, "या देशात वाघ फक्त झूमध्ये असतो."

"मग ते ओरडलं कशाला?"

"आपला वास आला म्हणून. म्हणजे, तुझा."

थोडक्यात, त्या डोंगरावरचा वाघ मीच होतो. डिओ लावलेला.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. मला सांबर गेल्याचं दुःख नव्हतं. आता त्याची रायफल जाणार, ती माझ्यापायी, हे मात्र डाचत होतं. म्हातारी फाटकातच उभी होती. आमचे चिखलाने माखलेले अवतार बघून तिने भुवया उंचावल्या. म्हाताऱ्याने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. मी माझ्या बुटांचा बारकाईने अभ्यास करत उभा राहिलो.

"थांब," ती म्हणाली. "याला खरंच वाटलं, मागे वाघ आहे?"

"हो."

"आणि हा पळाला नाही? तुला ओढून नेलं?"

म्हाताऱ्याने फाटलेली कॉलर दाखवली.

तिने माझ्याकडे पाहिलं. असं तर माझ्या सासूबाईंनीही कधी पाहिलं नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या शनिवारी जा. पण पाचच्या आत घरी."

आता खरं सांगतो. त्या डोंगरावर रायफल एकच होती आणि ती म्हाताऱ्याच्या हातात होती. मागे वाघ असताना बंदूकवाल्याला सोडून पळेन, इतका मी खुळा नाही. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, आणि म्हातारा केव्हाच आत जाऊन वर्तमानपत्र पसरून रायफलला तेल लावायला बसला होता. अशा वेळी माणसाने फार खुलासे करू नयेत. मी "नो वरीज" म्हणालो आणि घरी गेलो.